मोटरहोमचे रीमॅपिंग : एका लाडक्या समजुतीचे खंडन

आधी पूर्वपक्ष नीट मांडतो, कारण तो मांडणारी माणसे अडाणी नाहीत. युरोपात मोटरहोम बाळगणाऱ्यांमध्ये एक समजूत पक्की रुजली आहे. फियाट ड्युकाटोच्या सांगाड्यावर ज्यांचे फिरते घर उभे आहे त्यांच्यात तर जास्तच. समजूत अशी की, कंपनीने इंजिनाचा गळा मुद्दाम आवळून ठेवलेला असतो. 2021 पासून ड्युकाटोचे एकच 2.2 लिटरचे डिझेल इंजिन 120, 140, 160 आणि 180 अश्वशक्ती अशा चार रूपांत विकले गेले. मग 140ची गाडी घ्यावी, ट्यूनरकडे नेऊन ईसीयूमधला, म्हणजे इंजिनाच्या संगणकातला, प्रोग्रॅम बदलून (म्हणजेच रीमॅप करून) घ्यावा, की थोडक्या पैशांत 180ची गाडी दारात. चढाला दम लागत नाही, गिअर कमी बदलावे लागतात, वर ॲव्हरेजही वाढते. तोटा काहीच नाही.

अमेरिकेतही हेच ऐकू येते. फोर्डचे 7.3 लिटरचे पेट्रोल व्ही-8 इंजिन बाजारात आले तेव्हा एफ-250 पिकअपमध्ये 430 अश्वशक्ती देत होते आणि मोटरहोमसाठीच्या एफ-53 चासीवर 350. मधले 80 घोडे कंपनीने दाबून ठेवले, ते आपण सोडवून घ्यायचे, असा हा हिशोब.

हा हिशोब मला मान्य नाही. त्यातली उदाहरणे खरी आहेत, पण त्यांवरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

फोर्डचेच घ्या. याच दोन इंजिनांचा तेव्हाचा टॉर्क पाहिला तर पिकअपला 475 फूट-पौंड होता आणि मोटरहोमला 468. म्हणजे ओढण्याचा जोर जवळजवळ तितकाच! अश्वशक्ती हा टॉर्क आणि फेरे यांचा गुणाकार असतो. पिकअपचे 430 घोडे मिनिटाला 5500 फेऱ्यांवर मिळायचे. मोटरहोमचे 350 चार हजारांच्या आतच मिळायचे. जोर कोणी काढून घेतलेला नाही. काढून घेतली आहे ती साडेपाच हजार फेऱ्यांवर इंजिन किंचाळत ठेवण्याची मुभा. पिकअपवाला ती ताकद ओव्हरटेक करताना पाच-दहा सेकंद वापरतो. एफ-53वरची गाडी सात ते बारा टनांची असते आणि डोंगराळ हायवेवर ती पंधरा-वीस मिनिटे पाय पूर्ण दाबून चालवली जाते. इंजिनावरचा आकडा ठरवताना, उन्हात, पूर्ण भार लादून, इंजिन सलग किती वेळ तग धरेल, हेच पाहावे लागते.

ड्युकाटोतही असाच पुरावा कंपनीच्याच माहितीपत्रकात आहे. 180 अश्वशक्तीच्या इंजिनाला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर टॉर्क 450 न्यूटन-मीटर, मॅन्युअल असेल तर 380. अश्वशक्ती तीच, मग टॉर्क कमी का? कारण मर्यादा इंजिनाची नाही, त्याच्या मागे बसवलेल्या क्लच-गिअरबॉक्सची आहे. लॅपटॉपने इंजिनाचा टॉर्क वाढवता येतो. क्लच प्लेटची पकड आणि गिअरचे दात मात्र होते तेवढेच राहतात. रीमॅपनंतर सर्वांत जास्त वाढ साधारण 1500 ते 2500 फेऱ्यांच्या पट्ट्यात दिली जाते, कारण ती चालकाला लगेच जाणवते. नेमक्या त्याच पट्ट्यात इंजिनाचे झटके शोषणारे ड्युअल मास फ्लायव्हील आणि क्लच यांचे हाल होतात.

आपल्याकडच्या वाचकाला याहून जवळचे उदाहरण रांजणगावचे. तिथल्या कारखान्यात तयार झालेले फियाटचे 1.3 लिटर मल्टिजेट इंजिन 75 आणि 90 अश्वशक्ती अशा दोन रूपांत महाराष्ट्रभर धावले. लोक म्हणायचे, इंजिन एकच, फरक सॉफ्टवेअरचा. पण 75वाल्याला साधा, ठरावीक रचनेचा टर्बो होता आणि 90वाल्याला पात्यांचा कोन बदलणारा व्हेरिएबल जिऑमेट्री टर्बो. म्हणजे फरक सॉफ्टवेअरचा नव्हे, सुट्या भागांचा. काही गाड्यांमध्ये दोन रूपांत खरोखर सॉफ्टवेअरचाच फरक असतो, हे मी मान्य करतो. पण आपली गाडी त्यांपैकी आहे की नाही, हे सुट्या भागांचे क्रमांक ताडून पाहिल्याशिवाय कळत नाही. रीमॅप विकणारे किती जण ते ताडून पाहतात?

आता प्रत्यक्ष घाटात जाऊ. ऑस्ट्रियातला ग्रोसग्लॉकनरचा रस्ता 48 किलोमीटरचा, 36 वळणांचा, 12 टक्क्यांपर्यंत चढाचा; माथा 2504 मीटरवर. साडेतीन टनांची मोटरहोम 10 टक्के चढावर ताशी 40 किलोमीटरने न्यायची तर नुसती उंची गाठायलाच चाकांना सुमारे 52 अश्वशक्ती लागते. तोच वेग 60 केला तर 77. त्यात टायरचे घर्षण, वाऱ्याचा अडसर आणि गिअरबॉक्समध्ये वाया जाणारी ताकद धरली तरी 140 घोड्यांत हे काम बसते. रीमॅपने मिळते ते काय, तर त्याच चढावर आणखी थोडा वेग.

त्या वेगाची किंमत उष्णतेत चुकवावी लागते. डिझेल इंजिन इंधनातल्या ऊर्जेचा जेमतेम 40 टक्के भाग कामाला लावते. उरलेली उष्णता रेडिएटरमधून आणि एक्झॉस्टमधून जाते. ताकद वाढवली की ही उष्णताही त्याच प्रमाणात वाढते. रेडिएटर मात्र जुनाच, आणि घाटातल्या मंद वेगात त्याला समोरून वाराही कमी. शिवाय अडीच हजार मीटरवर हवा समुद्रसपाटीपेक्षा वीसेक टक्क्यांहून अधिक विरळ. तेवढीच हवा कोंबायला टर्बोला जास्त वेगाने फिरावे लागते. म्हणूनच मूळ प्रोग्रॅममध्ये उंचीनुसार इंधन आणि दाब कमी करण्याचे कोष्टक असते, टर्बो वाचावा म्हणून. घाईत केलेल्या रीमॅपमध्ये अशा संरक्षक कोष्टकांवरच पहिला हात पडतो. डायनोवरची, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावरची, चाचणी दहा-पंधरा सेकंदांत संपते. तिचा रंगीत आलेख खरा असतो, पण वीस मिनिटांच्या घाटाबद्दल तो काहीच सांगत नाही.

ॲव्हरेज वाढते, हा दावा मला सर्वांत जास्त खटकतो, कारण त्याच्या आधारावर लोकांना हा खर्च काटकसर म्हणून विकला जातो. सपाट रस्त्यावर ठरावीक वेगाने जाताना लागणारी ताकद गाडीचा आकार, वजन आणि वेग ठरवतात. मोटरहोम ही वाऱ्यापुढे धरलेली भिंतच असते. वेग 100 वरून 120 केला की वाऱ्याचा विरोध 44 टक्क्यांनी वाढतो. कोणत्याही प्रोग्रॅमने ही भिंत लहान होत नाही. जोर वाढल्यामुळे कोणी लवकर वरचा गिअर टाकून कमी फेऱ्यांवर शांतपणे चालवत असेल तर थोडी बचत होते, हे खरे. पण डॅशबोर्डवरच्या आकड्याला भुलू नका. वायरिंगमध्ये मधेच जोडायचे जे ट्यूनिंग बॉक्स मिळतात, त्यांतले बरेचसे कॉमन रेलमधला, म्हणजे इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला, दाब आहे त्यापेक्षा कमी असल्याचे ईसीयूला भासवतात. ईसीयू दाब वाढवतो, सिलिंडरमध्ये डिझेल जास्त जाते. पण खपाचा हिशोब तो त्या खोट्या, कमी दाबावरच करतो. परिणामी पडद्यावर ॲव्हरेज वाढलेले दिसते आणि टाकी मात्र लवकर रिकामी होते. खरा आकडा हवा असेल तर टाकी फुल करून चालवा, पुन्हा फुल करा आणि लिटर मोजा.

कायद्याची बाजू कोणी सहसा सांगत नाही. जर्मनीत वाहनाचे उत्सर्जन किंवा आवाज बिघडवणारा बदल प्रमाणपत्राविना केला तर गाडीची रस्त्यावर चालण्याची परवानगीच संपुष्टात येते. ब्रिटनमध्ये मूळचा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, काढलेली गाडी फेब्रुवारी 2014 पासून वार्षिक तपासणीत नापास होते. हा प्रश्न एकट्या मालकाचाही नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने नोव्हेंबर 2020 मध्ये जाहीर केलेल्या अंदाजानुसार दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपची उत्सर्जन-यंत्रणा निकामी केली गेली होती, आणि तिथे हे काम बहुधा ट्यूनिंगच्या जोडीनेच चालते. तो धूर रस्त्याकडेच्या मुलांच्या छातीत जातो. भारतातही वाहनातल्या बदलांबाबत मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आहे आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदलांना मनाई केली आहे. फोर्स ट्रॅव्हलरवर कॅरॅव्हॅन बांधून घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

मग ट्यूनिंग सर्वथा त्याज्य का? नाही. गिअरबॉक्सच्या मर्यादेत राहून टॉर्कमध्ये माफक वाढ, उष्णतेची आणि उंचीची संरक्षणे शाबूत, डीपीएफ आणि ॲडब्लूला (धूर स्वच्छ करणाऱ्या द्रवाच्या यंत्रणेला) हात नाही, आणि हातात त्या मॉडेलसाठीचे टीयूव्ही या तपासणी संस्थेचे प्रमाणपत्र: असे काम जर्मनीत होते आणि वॉरंटी संपलेल्या गाडीवर ते करून घेण्यात मला गैर दिसत नाही. चढावर सतत दम टाकणारी जुनी, कमी जोराची गाडी त्याने खरोखर सुसह्य होते. पण त्याआधी फुकटचे उपाय करून पाहा. पिण्या-धुण्याच्या पाण्याची 100 लिटरची टाकी भरलेली असेल तर 100 किलो वजन तुम्ही विनाकारण डोंगरावर वाहून नेत आहात. पाणी मुक्कामाला पोहोचल्यावर भरा. चढाला एक गिअर खाली उतरा, फेरे अडीच हजारांच्या आसपास ठेवा, मागे रांग लागली तर बाजूला थांबून वाट द्या.

आणि तरीही रीमॅप करायचाच असेल, तर ट्यूनरला दोन गोष्टी लेखी मागा: बदललेला कमाल टॉर्क किती आणि तुमच्या गिअरबॉक्सची मर्यादा किती. तोच कागद विमा कंपनीला पाठवा. जो हा कागद द्यायला तयार नाही, त्याच्या हाती गाडीची किल्ली देऊ नका.