मैदान कुणाच्या मालकीचं?

मंडळी, मोबाइलवर बोटं फिरवण्याला खेळ म्हणायचं की नाही, या वादात आज आपण फार वेळ घालवणार नाही. बुद्धिबळात घाम येत नाही, तरी त्याला आपण केव्हाच खेळ मानलं. आमचा प्रश्न वेगळा आहे. भोरच्या बाजारपेठेत काय किंवा वेल्ह्याच्या (आता कागदोपत्री राजगड तालुका, जिभेवर मात्र अजून वेल्हेच) एखाद्या वाडीत काय, बारावी झालेला मुलगा घरी सांगतो, ‘मला ई-स्पोर्ट्समध्येच जायचंय.’ तो नेमका कोणत्या जमिनीवर पाय रोवायला निघालाय?

त्यासाठी थोडं मागे जाऊ. 19 ऑक्टोबर 1972 रोजी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ‘स्पेसवॉर’ या खेळाची स्पर्धा झाली. बक्षीस काय, तर ‘रोलिंग स्टोन’ या नियतकालिकाची वर्षभराची वर्गणी! 1980 मध्ये अटारी कंपनीने ‘स्पेस इन्व्हेडर्स’ची स्पर्धा भरवली, तिला 10 हजारांवर खेळाडू आले. पण तोवर ही हौसच होती. हौसेचा धंदा झाला तो दक्षिण कोरियात. 1997 च्या आर्थिक संकटात तिथे नोकऱ्या गेल्या, सरकारने वेगवान इंटरनेटचं जाळं विणायला घेतलं, आणि गल्लोगल्ली ‘पीसी बांग’ म्हणजे तासावर संगणक देणारी दुकानं निघाली. 1998 मध्ये ‘स्टारक्राफ्ट’ आला. बेकार तरुण, स्वस्त इंटरनेट आणि एक चांगला खेळ, तिन्ही एकाच वेळी जमून आले. 2000 साली तिथे ई-स्पोर्ट्सची संघटना निघाली, सामने टीव्हीवर दिसू लागले. आणि दहाच वर्षांत, 2010 मध्ये, सामने विकल्याबद्दल 11 खेळाडूंवर कायमची बंदी आली. म्हणजे क्रिकेटने शंभर वर्षांत पाहिलेलं सगळं या खेळाने दहा वर्षांत पाहिलं!

आपल्याकडे ही लाट संगणकावरून आलीच नाही, मोबाइलवरून आली. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला. मार्च 2018 मध्ये ‘पब्जी मोबाइल’ आला. शंभर जण एका बेटावर उतरतात, शेवटपर्यंत टिकेल तो जिंकतो. वर्षभरात, मार्च 2019 मध्ये, हैदराबादला त्याची देशपातळीवरची अंतिम फेरी झाली आणि मुंबईच्या नमन माथूरचा ‘सोल’ संघ जिंकला. ‘मॉर्टल’ या टोपणनावाने तो पोरांना माहीत आहे. इथल्या आईबापांना नसेल, पण घरातल्या मुलाला विचारा. त्याआधी 2018 च्या जकार्ता एशियाडमध्ये ई-स्पोर्ट्स प्रदर्शनीय खेळ होता, तिथे तीर्थ मेहता या भारतीय खेळाडूने कांस्य मिळवलं. हा मुलगा भुजचा. मुंबई-बंगळूरचा नव्हे, भुजचा. भोरच्या मुलाला त्यातून धीर आला तर आम्ही त्याला हसणार नाही.

कारण या खेळात शिकण्यासारखं आहे. चौघांचा संघ कानाला हेडफोन लावून एकमेकांशी बोलत, नकाशा वाचत, क्षणात निर्णय घेत पुढे सरकतो. हरल्यावर चांगले संघ आपल्याच सामन्याचं चित्रण लावून चूक कुठे झाली ते शोधतात. ही शिस्त आम्हाला वर्गात फारशी दिसली नाही. ज्याला धावता येत नाही त्यालाही इथे बरोबरीने खेळता येतं. संध्याकाळी मैदानावर जायची परवानगी नसलेल्या मुलीलाही येतं. मात्र आवाजावरून मुलगी आहे हे कळलं की काय काय ऐकावं लागतं, ते तिलाच विचारा. कित्येक जणी माइक बंद ठेवूनच खेळतात.

आता मुळाशी येऊ. खो-खोचे नियम ठरवायला पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने 1914 मध्ये समिती नेमली. आपला हुतूतू नियमबद्ध होऊन कबड्डी झाला आणि 1990 मध्ये बीजिंगच्या एशियाडला पोचला. पण खो-खो जिमखान्याच्या मालकीचा झाला नाही. उद्या संघटना मोडली तरी भाटघरच्या शाळेतली पोरं फक्कीने रेघ आखून खेळतील. व्हिडिओ गेमचं तसं नाही. इथे चेंडू, मैदान, पंच आणि नियमावली सगळं एका कंपनीचं. मनात आलं की ती नियम बदलते, कधी खेळच गुंडाळते.

हे आपण पाहिलेलं आहे. 2 सप्टेंबर 2020 रोजी सरकारने पब्जीवर बंदी घातली. जुलै 2021 मध्ये तोच खेळ ‘बीजीएमआय’ नावाने परत आला, जुलै 2022 मध्ये पुन्हा दुकानातून काढला गेला आणि मे 2023 मध्ये वेळेची मर्यादा घालून परतला. बंदीची कारणं विदा-सुरक्षेची होती, ती योग्य की अयोग्य हा भाग निराळा. आम्ही खेळाडूच्या बाजूने बघतोय. विशीच्या आत चढती आणि पंचविशीनंतर उतरती, अशी ज्याची कारकीर्द, त्याची उमेदीची जवळजवळ दोन वर्षं यात गेली.

आता बैलगाडा शर्यत आठवा. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये ती थांबवली आणि डिसेंबर 2021 मध्ये अटींवर परवानगी दिली. मधल्या काळात गाडामालक न्यायालयात गेले, मोर्चे निघाले, विधानसभेत कायदा झाला. वाद घालायला जागा होती, कारण बैल त्यांचे होते आणि घाटही गावाचा होता. बीजीएमआयच्या खेळाडूकडे स्वतःचं असं काय होतं? एक खातं आणि त्यावरचं टोपणनाव. तेसुद्धा कंपनीच्या सर्व्हरवर.

शरीराचं आणि वेळेचं नुकसान सगळेच सांगतात, ते आम्ही थोडक्यात सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने ‘गेमिंग डिसऑर्डर’ला आजारांच्या यादीत घेतलं, ती यादी 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली. पण तिथे तास मोजलेले नाहीत. स्वतःवरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळच मोठा होणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, आणि हे सहसा वर्षभर चाललेलं असणं, ही लक्षणं आहेत. तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत मुलगा चार तास खेळला म्हणून लगेच डॉक्टर गाठू नका. उलट कोरियाने 2011 मध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत खेळबंदीचा कायदा केला, आणि दहा वर्षांनी तो स्वतःच मागे घेतला.

जुगाराचं मात्र वेगळं काढायला हवं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात फाशांच्या नादी लागून घरदार गमावलेल्याचं एक अख्खं सूक्त आहे. धर्मराजाची गोष्ट तर सांगायलाच नको. 22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी केली आणि ई-स्पोर्ट्सला वेगळी मान्यता दिली. ही रेघ आखली ते बरंच झालं. रमीच्या जाहिरातींत आणि या मुलांच्या सरावात फरक आहे, हे कायद्याने तरी सांगितलं.

आता जे पालक मुलाला वर्ष-दोन वर्षं द्यायला तयार आहेत, त्यांनी एवढं करावं. पदवीचा प्रवेश सोडू नका, हे आम्ही सांगायची गरज नाही. पण संघ करारावर सही मागेल तेव्हा तो मराठीत समजून घ्या. त्यात पगार किती हे सगळेच बघतात. खेळ मधेच बंद झाला तर पुढचे महिने पैसे मिळणार की नाही, ते कलम आहे का, हे आधी बघा.