उसावरचा केवडा आणि दक्षिण महासागर

सोलापुरातून रेकॉर्ड करतोय, मागं पंख्याची घरघर ऐकू येईल, सांभाळून घ्या.

माझ्या मामाचा ऊस माळशिरस तालुक्यात. लहानपणी तिथं केवडा पडलेला बघितलाय. पानं पिवळीफटक, शिरा तेवढ्या हिरव्या. चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, पण पिकाला मिळत नाही. मामानं हिराकस फवारलं, म्हणजे फेरस सल्फेट, आणि ऊस परत हिरवा झाला.

हेच हिराकस 2009 मध्ये समुद्रात टाकलं गेलं. अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागरात नायट्रेट, फॉस्फेट भरपूर, पण लोह जेमतेम. कारण जमीन लांब, धूळ पोचत नाही. लोह मिळालं की पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती फोफावतात, कार्बन ओढतात, आणि मेल्यावर त्यातला थोडा घेऊन खोल बुडतात. माणसानं सोडलेला जेवढा कार्बन डायऑक्साइड जगातले समुद्र शोषतात, त्यातला सुमारे 40 टक्के इथं जातो. हवामान बदललं आणि ही भूक मंदावली तर? मग लोह टाकून ती वाढवता येईल का?

हे तपासायला गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर इन्स्टिट्यूट एकत्र आल्या. प्रयोगाचं नाव लोहाफेक्स. त्यातलं 'लोहा' आपलंच! वजीह नक्वी आणि व्हिक्टर स्मेटाचेक प्रमुख. जानेवारीत 'पोलारश्टर्न' जहाज केपटाऊनहून निघालं आणि इकडं पर्यावरणवाद्यांनी रान उठवलं: समुद्रात खत टाकायचा अधिकार तुम्हाला दिला कुणी? माझ्या मते प्रश्न रास्तच होता. जर्मन सरकारनं काम थांबवलं, तपासणी करून 26 जानेवारीला परवानगी दिली.

मग 300 चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात लोह सोडलं आणि 39 दिवस नजर ठेवली. पहिल्या दोन आठवड्यांत हिरवाई दुप्पट झाली. पण जाड कवचाचे डायटम वाढलेच नाहीत. त्यांना सिलिका लागते, ती आधीच्या नैसर्गिक बहरांनी संपवली होती. जे उगवलं ते कोपेपॉड नावाच्या बारक्या जीवांनी फस्त केलं, आणि कोपेपॉडना त्यांच्याहून मोठ्या ॲम्फिपॉडनी. खाली बुडाला तो कार्बन अगदी थोडा.

हे सगळं मामाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजे पीक जोरात आलं आन् रानडुकरं शिरली म्हण की."