छोटी गाडी : आपल्या पार्किंगमधला इतिहास

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा कार्यकारिणीचा आग्रह झाला. सोसायटी कशी उभी राहिली हे सांगणारे माझ्याहून जाणकार सभासद आहेत. म्हणून मी विषय घेतला तो वार्षिक सभेत दरवर्षी हमखास निघणारा: पार्किंग, आणि तिथे उभ्या असलेल्या छोट्या पेट्रोल गाडीचा.

स्वातंत्र्यानंतर तीन दशके आपल्याकडे गाडी ‘निवडणे’ हा प्रकारच नव्हता. अ‍ॅम्बॅसेडर, फियाट (तिचेच पुढे प्रीमियर पद्मिनी झाले) आणि स्टँडर्ड, यादी संपली. फियाट बनायची आपल्या कुर्ल्याला, तरी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट बघावी लागे. गिऱ्हाईक भरपूर होते, पण किती गाड्या बनवायच्या ते सरकारी परवाना ठरवायचा.

सामान्य माणसाला परवडणारी छोटी गाडी हवी, ही चर्चा मात्र जुनी. १९६० च्या सुमारास एल. के. झा समितीने तशी शिफारस केली होती. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी तर ‘मीरा’ नावाची छोटी गाडी स्वतः बनवून रस्त्यावर चालवून दाखवली. तिचा कारखाना उभा राहिला नाही, याची हळहळ आजही वाटते.

१९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेल रोखले आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव सुमारे चौपट झाला. १९७९ मध्ये पुन्हा भडका उडाला. ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ हा आपला लाडका प्रश्न या महागाईत पक्का झाला.

त्याचे उत्तर १९८३ मध्ये आले. संजय गांधींची मारुती कंपनी गाडी बाजारात न आणताच बुडाली होती. १९८१ मध्ये सरकारने मारुती उद्योग स्थापन केला, १९८२ मध्ये जपानच्या सुझुकीशी करार झाला आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या गाडीची किल्ली दिली गेली. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन पुढे आडवे बसवलेले, ताकद पुढच्याच चाकांना. त्यामुळे मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांबलचक दांडा नको, वजनही कमी. गाडी सुमारे साडेसहाशे किलोची, म्हणजे अ‍ॅम्बॅसेडरच्या निम्म्याहून थोडी अधिक. अ‍ॅव्हरेजचे रहस्य मुख्यतः या हलकेपणात होते. किंमत पन्नास हजारांच्या आसपास. माझा तेव्हाचा जवळपास दोन वर्षांचा पगार!

१९९३ मध्ये मोटारींवरचा परवाना उठला, बँकांची वाहनकर्जे सोपी झाली आणि गाडी हप्त्यांवर दारात आली. १९९८ च्या सुमारास सँट्रो, मॅटिझ आल्या. आपली सोसायटी उभी राहिली त्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक होऊन कार्बोरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आले. सकाळी चोक ओढून गाडी गुरगुरवणे संपले.

पुढचे वळण २००६ च्या अर्थसंकल्पात आहे. चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा उत्पादन शुल्काचा दर २४ वरून १६ टक्क्यांवर आला. डिझेलला १५०० सीसीची मर्यादा होती. कंपन्यांनी लांबी चार मीटरच्या आत बसवली. पण नियमात रुंदी नव्हती! मारुती ८०० ची रुंदी १.४४ मीटर. आजच्या चार मीटरच्या आतल्या उंच गाड्या पावणेदोन मीटरच्या पुढे. तीन गाड्या शेजारी लावल्या की सुमारे एक मीटर जास्त जातो. आपल्या पार्किंगचे पट्टे मारुतीच्या जमान्यात मारले आहेत. शेजाऱ्याचे दार आपल्या गाडीला लागते त्यात शेजाऱ्याचा दोष थोडा, या सेंटिमीटरांचा जास्त.

मग आता कोणती गाडी घ्यावी? तरुण सभासद विचारतात तेव्हा मी बँकेच्या सवयीने आकडेच मांडतो. वर्षाला सहा हजार किलोमीटर फिरणाऱ्या घराला लिटरला वीसचे अ‍ॅव्हरेज असेल तर ३०० लिटर लागतात, पंधराचे असेल तर ४००. शंभर रुपयांचा भाव धरला तर फरक वर्षाला दहा हजार. म्हणजे थोड्या जास्त अ‍ॅव्हरेजसाठी लाखभर रुपये जादा मोजले, तर ते वसूल व्हायला दहा वर्षे लागणार. डिझेलचेही तेच. २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले आणि स्वस्ताईचे जुने आकर्षण ओसरले. रोज शंभर किलोमीटर धावणाऱ्याचे गणित वेगळे; पण भाजी, दवाखाना, देवदर्शन आणि लग्नकार्य एवढेच असेल, तर छोटी पेट्रोल गाडी पुरते.

आणि मोठी गाडी घ्यायचीच असेल तर जरूर घ्या, पैसे तुमचे आहेत. फक्त बुकिंगच्या आधी टेप घेऊन खाली या आणि दोन्ही बाजूंची दारे उघडतील एवढी जागा आहे का, ते मोजा. पेट्रोल पंपावर मिळते, कर्ज बँकेत मिळते. आपल्या पार्किंगची रुंदी मात्र पंचवीस वर्षांत एक इंचही वाढलेली नाही, आणि ती आपणा सर्वांची मिळून आहे.

सर्व सभासदांना रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा!