बासनातील पुरावा

सरकारी दप्तरखान्यात काही कागद असे असतात, की त्यांतील निष्कर्ष अचूक असतो, सही-शिक्काही असतो. फक्त तो वेळेवर कोणी वाचलेला नसतो. प्रसूतिशास्त्राच्या इतिहासातही असे एक बासन होते.

१९७२ साली न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे प्रसूतितज्ज्ञ लिगिन्स आणि बालरोगतज्ज्ञ हाउई यांनी एका चाचणीचे फलित प्रसिद्ध केले. अकाली प्रसूतीची भीती असलेल्या मातांना स्टेरॉइडची इंजेक्शने दिली, तर गर्भाची फुप्फुसे लवकर परिपक्व होतात, असा त्यांचा कयास होता. अचानक अकाली प्रसूत झालेल्या मातांत, औषध मिळालेल्या गटात जन्मानंतर थोड्याच दिवसांत दगावलेली अर्भके होती शेकडा ३. न मिळालेल्या गटात शेकडा १५! पुढे इतरत्रही चाचण्या झाल्या. पण प्रत्येक चाचणी आपापल्या नियतकालिकात एकाकी पडून राहिली. १९९० साली पॅट्रिशिया क्रौली यांनी सहकाऱ्यांसह अशा बारा चाचण्या एकत्र तोलल्या, तेव्हा कौल निःसंदिग्ध दिसला. अमेरिकेतील तज्ज्ञ परिषदेची शिफारस आली ती १९९४ साली. मधल्या बावीस वर्षांचा हिशेब कोणत्या वहीत मांडावा?

परंतु हा पुरावा बहुतांशी सुसज्ज इस्पितळांतला होता. आपल्या खेड्यांचे काय? सहा देशांत झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आपले बेळगाव आणि नागपूर हे परिसरही होते. जेथे या औषधाचा प्रसार केला, तेथे नवजात मृत्यू घटले नाहीत; उलट हजारी २४ वरून २७ झाले. औषध मिळालेल्या पुष्कळ माता मुळी अकाली प्रसूत झाल्याच नव्हत्या. पुढे भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत, सोनोग्राफीने दिवस निश्चित करून, तेच औषध दिले गेले. त्याचे फलित २०२० साली आले: मृत्यू शेकडा २३.५ वरून १९.६ वर उतरले होते.

तात्पर्य, पुरावा गोळा करणे जितके अगत्याचे, तितकेच कोणता पुरावा आधी तोलावा हे ठरवणे. माझ्या मते निकडीचा शेरा त्या प्रश्नावर पडावा, ज्यावर अधिकांत अधिक जीव अवलंबून आहेत आणि ज्याचे उत्तर खेड्यातील परिचारिकेला उद्या सकाळी हवे आहे. विद्वानांना सोयीच्या प्रश्नावर नव्हे. चाचणीस संमती देणारी माता आपल्याबरोबर पोटातल्या जिवाचाही विश्वास आपल्या हाती ठेवते. तिचा कागद बासनात ठेवणे हा केवळ दप्तरी विलंब नव्हे, तो विश्वासभंग आहे.