शब्दाचे नाव आणि शब्दाचे काम



'अधोरेखित शब्दांचे व्याकरण चालवा' हे वाक्य कानावर पडले की आपल्यातल्या पुष्कळ वडीलधाऱ्यांना शाळेतला बाक आठवत असेल. शब्दाची जात सांगायची, लिंग, वचन, विभक्ती सांगायची, क्रियापद असेल तर काळ सांगायचा, की गुण पदरात पडले. या प्रश्नाचा साचा आला कुठून, आणि तो जिथून आला त्या इंग्लंडात इंग्रजीच्या परीक्षेत त्याचे पुढे काय झाले, ती हकीगत आज सांगतो. वर्गात इंग्रजी शिकवणाऱ्या गुरुजींनी आणि बाईंनी ती जरा कान देऊन ऐकावी.

लिंडले मरे नावाचा एक गृहस्थ होता. जन्म अमेरिकेतला, न्यूयॉर्कला वकिली केलेला. प्रकृती बिघडली म्हणून तो इंग्लंडात यॉर्क शहराजवळ येऊन राहिला. तिथल्या मुलींच्या एका शाळेसाठी त्याने 1795 साली इंग्रजीचे व्याकरण लिहिले. त्यातले बरेचसे बिशप लाउथ यांच्या 1762 सालच्या व्याकरणावरून घेतलेले होते, आणि लाउथसाहेबांच्या डोळ्यांपुढे लॅटिन होती. पण मरेचे पुस्तक शाळेला सोयीचे निघाले. नियम पाठ करा, वाक्यातला एकेक शब्द सुटा करून त्याची ओळख सांगा, चुकीची वाक्ये दुरुस्त करा. इंग्लंड आणि अमेरिका या दोन्ही देशांत ते वर्षानुवर्षे चालले.

आणि तिथेच थांबले नाही, बरे का. दादोबा पांडुरंगांनी 1836 साली मराठीचे व्याकरण छापले, तेव्हा त्यांच्यापुढे नमुना होता तो मरेचा. संस्कृत व्याकरणाची परंपरा आपल्याकडे फार जुनी खरी, पण शाळकरी मुलाच्या हाती आलेल्या मराठी व्याकरणाची मांडणी पुष्कळशी यॉर्कची आहे.

आता एक वाक्य घेऊ. मी ते मुद्दाम साधे रचले आहे : 'द रेन क्रेप्ट इंटू द हाउस. नोबडी वोक.' म्हणजे पाऊस हळूच घरात शिरला. कोणी जागे झाले नाही. जुन्या पद्धतीचा हुशार मुलगा 'क्रेप्ट'चे व्याकरण असे चालवील : क्रियापद, अकर्मक, भूतकाळ, तृतीय पुरुष, एकवचन, कर्ता 'रेन'. उत्तर बिनचूक. पण 'क्रेप्ट'च्या जागी 'केम' घातले असते तरी हेच उत्तर आले असते! पाऊस चोरपावलांनी आला की धो धो आला, हे या उत्तराला ठाऊकच नाही.

असा प्रश्न इतका टिकला कसा? तपासायला सोपा म्हणून. इंग्लंडात 1862 साली असा नियम झाला की मुले निरीक्षकापुढे वाचन, लेखन आणि गणितात पास होतील त्या मानाने शाळेला अनुदान मिळायचे. पुढे व्याकरणही त्या पंक्तीत बसले. जिथे मास्तरांची भाकरी मुलांच्या उत्तरावर अवलंबून, तिथे पाठ होणारे उत्तरच शिकवले जाणार. त्या मास्तरांना मी तरी दोष देणार नाही.

पुढे 1921 साली कवी हेन्री न्यूबोल्ट यांच्या समितीने इंग्रजीच्या शिक्षणाचा अहवाल दिला आणि साहित्य हे शिक्षणाच्या मध्यभागी आणले. पण खरी गंमत केंब्रिजमध्ये झाली. आय. ए. रिचर्ड्स या अध्यापकांनी विद्यार्थ्यांना कविता वाटल्या आणि कवीचे नाव मात्र झाकून ठेवले. सांगितले, वाचा आणि काय वाटते ते मोकळेपणी लिहा. यांतल्या 13 कवितांवरची उत्तरे त्यांनी 1929 साली पुस्तकात छापली. देशातली निवडक मुले ती! पण कित्येकांना कवितेचा सरळ अर्थही लागला नव्हता. नावाजलेल्या कवींना त्यांनी खुशाल मोडीत काढले होते. पुष्कळांनी तर समोरचे शब्द वाचलेच नव्हते. आई, मरण, देव असा विषय दिसला की मनातली तयार भावना कागदावर ओतली होती. नाव झाकल्याबरोबर वाचन उघडे पडले.

तेव्हापासून अनोळखी उतारा द्यावा आणि त्यातल्या शब्दांविषयी विचारावे, ही रीत हळूहळू शाळेपर्यंत उतरली. इंग्लंडात सोळाव्या वर्षी मुले जी. सी. एस. ई. नावाची परीक्षा देतात. ती 1988 साली सुरू झाली, आणि 2017 पासून इंग्रजीची नवी प्रश्नपत्रिका आली. ए. क्यू. ए. या तिथल्या मंडळाच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेत दुसरा प्रश्न या जातीचा असतो : अमुक गोष्टीचे वर्णन करताना लेखकाने भाषा कशी वापरली आहे? गुण आठ. पावणेदोन तासांत इतर प्रश्न आणि स्वतःचे लेखनही करायचे असते, तेव्हा या प्रश्नाला वेळ थोडाच.

आता गंमत बघा. प्रश्न बदलला, तरी जुनी खोड दुसऱ्या दाराने परत आली. मुले लिहितात : 'इथे चेतनगुणोक्ती आहे. त्यामुळे वाचकाला पुढे वाचावेसे वाटते.' पूर्वी विभक्तीचे नाव सांगत, आता अलंकाराचे सांगतात! हे दुसरे वाक्य तर कोणत्याही उताऱ्याखाली चिकटवता येते. शिक्षकांनी मुद्दा, पुरावा, स्पष्टीकरण अशी पायरी घालून दिली. ती बरी आहे, पण स्पष्टीकरणाच्या पायरीवर मुले बसकण मारतात.

मग लिहायचे काय? आपल्या वाक्याकडे परत येऊ. 'क्रेप्ट' हा शब्द आपण कोणाविषयी वापरतो? मांजर, चोर, दबकत येणारा कोणीही. म्हणजे पावसाला इथे काही हेतू आहे, त्याला कोणाला कळू द्यायचे नाही. त्याला लागून लगेच दोन शब्दांचे वाक्य येते, 'नोबडी वोक.' पहिले वाक्य पुढे सरकते, दुसरे पटकन तुटते. घर झोपेत आहे आणि राखणीला कोणी नाही, हे लेखकाने कुठे म्हटले नाही, पण या दोन वाक्यांनी ते आपल्याला कळते. उत्तरात हे लिहावे. शेवटी 'चेतनगुणोक्ती' हा शब्द आला तर शोभेल, नाही आला तरी अडत नाही. मात्र पाऊस म्हणजे परकीय सत्ता, असे कोणी लिहील तर त्याला विचारावे, कोणत्या शब्दावरून? शब्द दाखवता आला नाही तर ते उत्तर उताऱ्याचे नव्हे.

वर्गात याची परीक्षा घ्यायला इंग्रजीच पाहिजे असे नाही. उद्या फळ्यावर 'पाऊस घरात आला' असे लिहा. 'आला' पुसा आणि तिथे दुसरा शब्द मुलांना सुचवू द्या. कोणी 'घुसला' म्हणेल, कोणी 'शिरला', मागच्या बाकावरचे एखादे पोर 'झिरपला' म्हणेल. त्या पोराला उभे करून विचारा, झिरपला तर मग त्या घराचे छप्पर कसले असेल?