कुलूप न उघडता हिशेब

१/ महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ शतकानुशतके सकळ लिपीत जपले. नेहमीच्या अक्षराच्या जागी दुसरे ठरावीक चिन्ह, एवढीच तिची युक्ती. पण किल्ली ठाऊक नसलेल्यास पोथी मुकीच. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ती उकलली आणि प्राचीन मराठी गद्याचे दालन अभ्यासकांना खुले झाले.

२/ अशा लिपीचा एक गुण सहसा दुर्लक्षित राहतो. पोथीतला एकही शब्द न कळता तिच्यावर काम करता येते. कोणते चिन्ह किती वेळा आले हे मोजता येते, तोच शब्द दुसऱ्या पानावर आहे का हे शोधता येते. चिन्हे बदलतात, मांडणी बदलत नाही. परंतु चिकाटीने पाहणाऱ्यास हीच मांडणी किल्लीपर्यंतही नेते. बंद मजकुरावर काम करता येणे आणि तो मजकूर फुटणे, दोहोंचे मूळ एकच. आजच्या धाग्याची कथा या पेचाची आहे.

३/ १९७८ साली रिव्हेस्ट, एडलमन आणि डर्टूझोस या संगणकशास्त्रज्ञांनी एक प्रश्न मांडला. कर्ज देणारी एक लहान संस्था आपली माहिती भाड्याच्या संगणकावर ठेवते. कर्जदारांच्या नोंदी कुलूपबंद आहेत. त्या न उघडता संगणकाने सरासरी कर्ज किती, हे सांगावे काय? त्यांनी काही रीतीही सुचवल्या. १९८७ मध्ये ब्रिकेल आणि याकोबी यांनी त्या फोडून दाखवल्या. गणिताला उपयोगी पडणारी मांडणीच शत्रूलाही उपयोगी पडली होती.

४/ मधली वर्षे अर्ध्यामुर्ध्या उत्तरांची. आरएसए पद्धतीच्या मूळ रूपात बंद संख्यांचा गुणाकार होई, बेरीज नाही. पैये यांच्या १९९९ च्या पद्धतीत बेरीज होई, पण दोन बंद संख्यांचा गुणाकार होत नसे. २००५ मध्ये बोने, गोह आणि निसिम यांनी हव्या तितक्या बेरजा आणि एक गुणाकार साधला. एकच! दोन्ही क्रिया अमर्याद जमल्या तरच कोणतेही गणन शक्य होते.

५/ ते २००९ मध्ये जमले. वकिली सोडून गणिताकडे आलेले क्रेग जेंट्री तेव्हा स्टॅनफर्डमध्ये संशोधक विद्यार्थी होते. आपली कल्पना समजावताना त्यांनी दागिन्यांच्या दुकानाचा दाखला दिला. आम्हा नाशिककरांना तो सरकारवाड्याजवळच्या सराफ बाजारात उभे राहून सहज कळावा. सराफाला कारागिरावर भरवसा नाही. तो सोने पारदर्शक पेटीत घालून कुलूप लावतो. पेटीला आतल्या बाजूस हातमोजे शिवलेले. कारागीर त्यांत हात घालून दागिना घडवतो, पण बाहेर काढू शकत नाही. अडचण अशी की थोड्या वेळाने हातमोजे ताठरतात.

६/ हे ताठरणे म्हणजे काय? मांडणी लपवण्यासाठी प्रत्येक बंद संख्येत मुद्दाम एक लहानशी चूक मिसळलेली असते. बेरजेने ती हळूहळू वाढते, गुणाकाराने झपाट्याने. मर्यादा ओलांडली की उत्तर बुडते. जेंट्रींचा तोडगा विलक्षण होता. पहिली पेटी दुसऱ्या पेटीत सरकवायची. दुसरीत पहिलीची किल्ली आधीच ठेवलेली असते. आतल्या आत पहिली उघडायची आणि ताज्या हातमोज्यांनी काम पुढे न्यायचे. कुलूप उघडते, पण दुसऱ्या कुलपाच्या आत. माझ्या मते या शाखेतली सर्वांत देखणी युक्ती हीच.

७/ देखणी, पण परवडणारी नव्हे. जेंट्री आणि हालेवी यांनी ती प्रत्यक्ष संगणकावर उतरवली, तेव्हा पेटी बदलण्याच्या एका खेपेला लहान मापाच्या मांडणीत ३० सेकंद आणि मोठ्या मापाच्या मांडणीत ३० मिनिटे लागली. मोठ्या मांडणीची सार्वजनिक किल्लीच २.३ गिगाबाइटची होती. एखाद्या बँकेने सरासरी काढायची तरी कशी?

८/ पुढचे दशक या मिनिटांशी झुंजण्यात गेले. ब्रॅकर्स्की आणि वैकुंठनाथन (चेन्नईच्या आयआयटीचे विद्यार्थी) यांनी जेंट्रींसह चूक सावकाश वाढेल अशी रचना केली; तिघांना २०२२ चे गोडेल पारितोषिक मिळाले. स्मार्ट आणि वेरकॉटेरन यांनी एका पेटीत अनेक संख्या भरून सर्वांवर एकदम काम करण्याची वाट दाखवली. २०१६ मध्ये एका खेपेचा वेळ सेकंदाच्या दहाव्या भागाखाली आला.

९/ २०१७ मध्ये कोरियातील चॉन आणि सहकाऱ्यांनी आणखी धाडस केले. उत्तर तंतोतंत कशाला, जवळपासचे चालेल. मिसळलेली चूक म्हणजे दशांश चिन्हानंतरच्या शेवटच्या अंकांतली घटबढ समजावी! वेग प्रचंड वाढला. आणि २०२१ मध्ये ली आणि मिच्चान्चो यांनी दाखवले की असे अंदाजे उत्तर उघडून जसेच्या तसे दुसऱ्याला दिले, तर त्यात उरलेल्या चुकीवरून मूळ किल्ली काढता येते. जुना पेच पुन्हा दारात. आता उत्तर बाहेर देण्यापूर्वी त्यात आणखी थोडी चूक मिसळतात, आणि तेवढी अचूकता गमावतात.

१०/ उघड्या गणनाच्या तुलनेत बंद गणन अजूनही फारच मंद आहे. म्हणून अमेरिकेच्या डार्पा संस्थेने २०२१ मध्ये खास त्यासाठी चिप घडवण्याचा प्रकल्प हाती घेतला. मात्र आयफोनमध्ये २०२४ पासून छायाचित्रातले प्रसिद्ध स्थळ ओळखण्यासाठी हीच विद्या वापरली जाते. चित्राचे गणिती रूप फोनवरच कुलूपबंद होते, दूरचा संगणक ते न उघडता आपल्या साठ्याशी ताडून पाहतो आणि उत्तरही बंदच परत पाठवतो. ते उघडतो फक्त तुमचा फोन.