वस्तीतून जाणारी ट्रेल : सिॲटलच्या बर्क-गिलमन मार्गाचा वाद

बर्क-गिलमन ट्रेल हा अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या सिॲटल शहरातून जाणारा पायी आणि सायकलने फिरण्याचा मार्ग आहे. बंद पडलेल्या रेल्वेमार्गाच्या पट्ट्यावर तो बांधला असून १९ ऑगस्ट १९७८ रोजी त्याचे लोकार्पण झाले. आज त्याच्यावर रोज मोठी वर्दळ असते. मात्र तो ज्यांच्या घरामागून जाणार होता, त्यांच्यापैकी अनेकांनी सुरुवातीला विरोध केला होता. वस्तीतून असा मार्ग नेला, तर त्याचा फायदा कोणाला होतो आणि त्रास कोणाच्या वाट्याला येतो, हे या प्रकरणातून चांगले समजते.

रेल्वेचा पट्टा मोकळा कसा झाला?

थॉमस बर्क आणि डॅनियल गिलमन यांच्या पुढाकाराने १८८५ मध्ये ‘सिॲटल, लेक शोर अँड ईस्टर्न रेल्वे’ स्थापन झाली. ट्रेलचे नाव या दोघांवरूनच पडले आहे. पुढे हा मार्ग नॉर्दर्न पॅसिफिककडे आणि १९७० च्या विलीनीकरणानंतर बर्लिंग्टन नॉर्दर्न कंपनीकडे गेला. १९७१ मध्ये कंपनीने तो सोडून द्यायचे ठरवले. त्याच वर्षी नागरिकांनी रुळांवरून पदयात्रा काढून हा पट्टा सार्वजनिक वापरासाठी राखण्याची मागणी केली.

रेल्वेमार्गाला तीव्र चढ चालत नाही, म्हणून असा पट्टा लहान मुले, वृद्ध आणि चाकाची खुर्ची वापरणारे यांच्यासाठीही सोयीचा ठरतो. गॅस वर्क्स पार्क ते केनमोर हा सुमारे १९ किलोमीटरचा टप्पा आधी तयार झाला.

रहिवाशांचे आक्षेप काय होते?

• चोरी आणि नासधूस : परक्या लोकांना परसदारापर्यंत आयता रस्ता मिळेल.
• खासगीपणा : आगगाडी येते आणि निघून जाते, ट्रेलवर मात्र दिवसभर माणसे चालत राहणार.
• घराची किंमत : मागे सार्वजनिक वाट असलेले घर कोण घेईल?
• मालकी : रेल्वे गेली, तर ती जमीन शेजारच्या मालकांकडे परत का येऊ नये?

१९८७ च्या पाहणीत काय आढळले?

ट्रेल सुरू झाल्यावर नऊ वर्षांनी सिॲटलच्या अभियांत्रिकी विभागाने रहिवासी, घरविक्री करणारे एजंट आणि पोलीस यांच्याशी बोलून पाहणी केली. ट्रेलमुळे घरफोड्या किंवा नासधूस वाढल्याचे आढळले नाही. ट्रेल बंद करावी, असे पाहणीत एकाही रहिवाशाने म्हटले नाही.

किमतींबाबतचा निष्कर्ष बारकाईने वाचण्यासारखा आहे. ट्रेलच्या जवळ, पण तिला लागून नसलेली घरे लवकर विकली जातात आणि त्यांना सरासरी ६ टक्के जास्त भाव मिळतो, असा एजंटांचा अंदाज होता. अगदी कुंपणाला लागून असलेल्या घरांच्या किमतीवर मात्र विशेष परिणाम दिसला नाही. म्हणजे शेजाऱ्यांना वाटलेली घसरण झाली नाही. पण आर्थिक लाभ मिळाला तो दोन गल्ल्या पलीकडच्यांना. शिवाय ही पाहणी शहराच्याच विभागाने केली होती आणि ६ टक्के हा आकडा एजंटांच्या मतावर आधारलेला होता, हेही लक्षात ठेवावे लागते.

जमीन कोणाची?

अमेरिकेत अनेक ठिकाणी रेल्वे कंपनीकडे जमिनीची पूर्ण मालकी नसते, फक्त वहिवाटीचा हक्क असतो. वापर थांबला की हा हक्क संपतो आणि जमीन मूळ मालकाकडे जाते. १९८३ मध्ये संसदेने कायद्यात दुरुस्ती करून ‘रेलबँकिंग’ची सोय केली. एखादी संस्था पट्ट्याची जबाबदारी घेऊन तिथे ट्रेल चालवत असेल, तर तो रेल्वेमार्ग भविष्यासाठी राखून ठेवला आहे असे कायदा मानतो.

व्हर्मॉन्ट राज्यातील एका दांपत्याने या दुरुस्तीला आव्हान दिले. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती एकमताने वैध ठरवली, पण मालकांना सरकारकडे भरपाई मागण्याचा मार्ग खुला असल्याचेही सांगितले. १९९६ मध्ये फेडरल अपील न्यायालयाने, ट्रेलसाठी या दांपत्याची जमीन सरकारने घेतल्यासारखेच आहे, असे मान्य केले. ट्रेल होऊ शकते, पण तिचा खर्च शेजाऱ्याच्या माथी मारता येत नाही, असा या दोन निकालांचा एकत्रित अर्थ निघतो.

वाद संपला का?

नाही. त्याच जुन्या रेल्वेच्या एका फाट्यावर, समामिश सरोवराच्या पूर्व काठाने सुमारे १८ किलोमीटरची ट्रेल करण्यासाठी किंग काउंटीने १९९८ मध्ये पट्टा ताब्यात घेतला. तिथे काही घरांच्या पायऱ्या, बागा आणि गाड्या लावायच्या जागा पट्ट्यातच आल्या होत्या. रहिवासी न्यायालयात गेले. २०१८ मध्ये अपील न्यायालयाने काउंटीच्या बाजूने निकाल दिला.

खुद्द बर्क-गिलमन ट्रेलमध्ये बॅलार्ड भागात सुमारे सव्वादोन किलोमीटरची तूट राहिली. ‘मिसिंग लिंक’ या नावाने ती ओळखली जाते. तिथला विरोध घरमालकांचा नव्हे, उद्योगांचा होता. कारखान्यांत ये-जा करणारे मालट्रक ट्रेल ओलांडतील आणि अपघात होतील, असे त्यांचे म्हणणे होते. दुसरीकडे, ट्रेल नसल्याने सायकलस्वारांना रस्त्यातून तिरके जाणारे रूळ ओलांडावे लागत आणि त्यात चाक अडकून अनेक जण पडून जखमी झाले. सुरक्षिततेचा मुद्दा दोन्ही बाजूंकडे होता, आणि या छोट्याशा तुकड्यावरची न्यायालयीन लढाई वर्षानुवर्षे चालली.